आईची केटल आणि बोर्डातली हिरवी वायर

"गे, ती तू आणून दिलेली केटल हाय न्हवं, तिच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतंय बघ."

आईनं हे मला फोनवर सांगितलं ते पण कधी, तर पाऊस किती पडतोय, परसात पाणी कुठवर आलं, शेजारच्या काकूंची म्हैस कधी व्याली हे सगळं सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता. मी विचारलं कधीपासून होतंय, तर म्हणाली, "झालं की पंधरा-वीस दिवस, हात ओला असंल म्हणून सोडून दिलो."

पंधरा-वीस दिवस! माझ्या काळजात धस्स झालं. आई सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी, जांबोटीच्या पुढं गाव, पावसाळ्यात स्वयंपाकघरातली फरशी सुद्धा घाम आल्यासारखी ओली असते आणि ती अनवाणी फिरते. मी तिला फोनवरच सांगितलं, आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग कोरड्या हातानं प्लग काढ आणि आता मी येईपर्यंत त्या केटलला हात लावू नको, पाणी हवं तर काकूंना सांग तापवून द्यायला. ती म्हणाली एवढं काय झालंय. तिला मुंग्या म्हणजे मुंग्याच वाटत होत्या, मला मात्र रात्रभर झोप नाही.

ही पोस्ट त्यासाठीच लिहितेय. थंडी आणि पावसाळा आला की आमच्या बेळगाव भागात घरोघरी केटल येते, पोरांनी आईवडिलांना आणून दिलेली असते, सुनेनं सासूला दिलेली असते, आणि आणणाऱ्यानं सगळं बघितलेलं असतं, म्हणजे किती लिटर, स्टील आहे की प्लॅस्टिक, गॅरंटी किती वर्षं. मी पण बघितलं होतं. आयएसआय मार्क बघितला, गॅरंटी कार्डावर शिक्का मारून घेतला. पण ज्या बोर्डात तिचा प्लग घालणार तो बोर्ड मी एकदा पण नीट बघितला नव्हता. केटलचा अर्धा भाग आपल्या हातात असतो आणि अर्धा भिंतीत असतो, आणि भिंतीतल्या अर्ध्याकडं कुणी बघत नाही.

केटल का आणली ते पण सांगते. आईला रात्री खोकला येतो, दोन वेळा तरी उठून गरम पाणी लागतं. आधी ती गॅसवर पातेलं ठेवायची, एकदा शेगडी बारीक करून तशीच झोपली, सकाळी पातेलं काळं कुळकुळीत आणि घरभर वास. दैव बलवत्तर म्हणून तेवढ्यावर भागलं. न्हाणीत बंब आहे पण तो सकाळचा, आणि आमच्याकडं पावसाळ्यात लाकडं कोरडी मिळणं म्हणजे दिव्यच, कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. मग आपोआप बंद होणारी केटल बरी असं मला वाटलं आणि दिवाळीला ती घेऊन गेले. थंडीभर तिनं ती वापरली, उन्हाळ्यात पुसून माळ्यावर ठेवली, जूनमध्ये पाऊस लागल्यावर परत काढली, आणि तेव्हापासून मुंग्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या अनगोळच्या घराचं काम करणारे वायरमन मामा आहेत, त्यांना गाडीत घातलं आणि पिरनवाडी, किणये करत भर पावसात गावाला गेलो. मामांनी केटलला हातच लावला नाही, पहिल्यांदा बोर्डाकडं गेले. त्यांच्या पिशवीत एक साधा बल्ब, होल्डरला दोन वायरी लावलेला, त्याला ते टेस्ट लॅम्प म्हणतात. एक वायर सॉकेटच्या फेजच्या होलात, म्हणजे जिथून करंट येतो तिथं, दुसरी न्यूट्रलमध्ये, म्हणजे जिथून तो परत जातो तिथं, बल्ब झगझगीत पेटला. मग न्यूट्रलमधली वायर काढून वरच्या मोठ्या होलात, म्हणजे अर्थिंगच्या होलात लावली, गळका करंट जमिनीत नेणारी वायर तिथं जोडलेली असायला पाहिजे. बल्ब पेटलाच नाही, नुसती लाली सुद्धा नाही. मामा म्हणाले, "अक्का, हे वरचं होल नुसतं शोभेचं हाय बघा."

बोर्ड उघडला तर खरंच. मागं दोनच वायरी, लाल आणि काळी, हिरवी वायर जिथं लागायला पाहिजे तो स्क्रू मोकळा. घराची वायरिंग झाली तेव्हा दिवे, एक पंखा आणि रेडिओ एवढ्यासाठी झालेली, दोनच तारा ओढल्या होत्या, पुढं कधीतरी कुणीतरी दोन होलचा सॉकेट काढून तीन होलचा बसवला आणि आपण सगळे तीन होल दिसतात म्हणून निर्धास्त. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या जुन्या घरांत शोधलं तर असं काहीतरी सापडेल, निदान आमच्या भावकीतल्या तीन घरांत नंतर बघितलं तर दोन घरांत हेच होतं.

(हा टेस्ट लॅम्प स्वतः घरी करून बघू नका, वायरमनलाच बोलवा. आपण एवढंच विचारायचं की अर्थिंगवर बल्ब पेटतो का ते मला दाखवा.)

आता मुंग्या का येत होत्या ते मामांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. केटलच्या तळाखाली एक धातूची नळी असते, नळीच्या आत तापणारी तार, आणि तार नळीला चिकटू नये म्हणून मध्ये पांढरी पावडर ठासून भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साईडची. ती पावडर उष्णता जाऊ देते पण करंट अडवते. पण तिला दमटपणा ओढून घ्यायची सवय असते, नळीच्या टोकाचं सील जरा खराब झालं आणि वस्तू महिनोन्महिने ओलसर हवेत पडून राहिली की पावडर ओल धरते आणि थोडा थोडा करंट बाहेरच्या स्टीलपर्यंत गळायला लागतो. अर्थिंग असलं असतं तर तो गळणारा करंट हिरव्या वायरीनं गुपचूप जमिनीत गेला असता, आईला कळलं पण नसतं. अर्थिंग नाही म्हणून तो पत्र्यावर येऊन वाट बघत बसतो, आणि कुणी ओल्या पायानं हात लावला की त्याच्या अंगातून जमिनीत जातो. आज मुंग्या, उद्या सील पूर्ण गेलं की झटका. तिसरी पिन लांब आणि जाड असते ती ह्यासाठीच, प्लग घालताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे करंट यायच्या आधीपासून जायच्या नंतरपर्यंत संरक्षण. काही लोक प्लग होलात जात नाही म्हणून ती पिन कापून टाकतात किंवा काढून ठेवतात, असं कृपा करून कधी करू नका.

आई म्हणाली मग आता बोर्डात एक वायर जोडून टाका की, चहा होईपर्यंत होईल. आणि गावातल्याच एकानं, मदत करायला आला होता बिचारा, सुचवलं की न्यूट्रलमधूनच एक तुकडा अर्थच्या स्क्रूला मारा, काम होतंय. मामा एकदम गंभीर झाले. असं केलं आणि उद्या पावसावाऱ्यात कुठं न्यूट्रल तुटली, तर सगळा फेज सरळ केटलच्या पत्र्यावर येतो, मिक्सरच्या, फ्रिजच्या पत्र्यावर येतो. म्हणजे नसलेल्या अर्थिंगपेक्षा हे वाईट. टेस्ट लॅम्प मात्र असल्या जोडणीत पेटतो, त्यामुळं बल्ब पेटला म्हणून पण खूश होऊ नये, हिरवी वायर कुठं गेलीय ते विचारावं.

मग खरं काम केलं, त्याला पुढचे दोन दिवस लागले. न्हाणीच्या मागं जमीन कायम ओली असते तिथं, पण भिंतीपासून दीड मीटर लांब, खड्डा घेतला, अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, बाजूनं कोळसा आणि मीठ. आमच्याकडं जांभा दगड, खणणाऱ्यांचा जीव गेला. तिथून हिरवी वायर मेनबोर्डापर्यंत आणि मेनबोर्डापासून स्वयंपाकघरात एक वेगळी लाईन ओढली, अडीच स्क्वेअर एमएमची, तिला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि तिचा स्वतःचा एमसीबी. आणि मेनला आरसीसीबी बसवला, तीस मिलिअँपिअरचा.

ह्या दोघांमध्ये बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझा पण होता. एमसीबी हा वायर वाचवतो, माणूस नाही. वायरीतून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की तो पडतो, पण माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. आरसीसीबी काय करतो तर फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का हे बघत असतो, तीस मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की क्षणात मेन पाडतो. अर्थिंग नसताना पण तो पडेल, पण तेव्हा करंट माणसातून गेल्यावर पडेल. अर्थिंग असेल तर कुणी हात लावायच्या आधीच पडेल. म्हणून दोन्ही पाहिजेत. त्याच्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबायचं, मेन पडली म्हणजे तो जिवंत आहे. आई ते अमावास्येला दाबते, तेवढंच लक्षात राहतं म्हणते.

सोळा अँपिअर का, ते पण ऐका. केटलवर खाली वॅट लिहिलेले असतात, आईची दीड हजार वॅटची. आपल्याकडं दोनशे तीस व्होल्ट, भागाकार केला की साडेसहा अँपिअर होतात. म्हणजे लहान सहा अँपिअरच्या सॉकेटला ती पेलत नाही. चालते, नाही असं नाही, चार मिनिटांसाठी कुणालाच काही दिसत नाही, पण रोज पाच-सहा वेळा, वर्षभर, आतल्या पितळी पट्ट्या तापून तापून ढिल्या होतात, ढिल्या झाल्या की अजून तापतात, मग सॉकेटच्या होलाभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसायला लागतो आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. असा डाग तुमच्या बोर्डावर असेल तर आजच तो वापरणं बंद करा. अजून एक सोपी गोष्ट, पाणी उकळून झाल्यावर बटण बंद करून प्लग काढा आणि पिनांना नाही, प्लगच्या रबरी अंगाला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसण्याइतका गरम असेल तर सॉकेट बदलायची वेळ झाली. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटात बसवायला बाजारात कन्व्हर्टर मिळतो, खडे बाजारात चार पावलांवर मिळतो, तो केटलला, इस्त्रीला, गीझरला लावू नका. एक्स्टेंशन बॉक्सला पण नाही. टिळकवाडीत माझी मैत्रीण कॉलेजच्या मुली पेइंग गेस्ट ठेवते, एका खोलीत एकाच बॉक्सवर केटल, हेअर ड्रायर आणि लॅपटॉप, तो बॉक्स हाताला लागत नव्हता इतका तापलेला.

ती जुनी केटल मी परत वापरली नाही. मामा म्हणाले वाळली तर मुंग्या जातील पण, मला धीर झाला नाही. भंगारात देताना वायर मुळापासून कापून टाकली, नाहीतर कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून घरी नेईल आणि तिथं पण अर्थिंग नसेल.

नवीन घेताना एक लिटरचीच घेतली. हे माझं मत आहे, म्हाताऱ्या माणसाला मोठी केटल देऊ नका. पावणेदोन लिटरची भरली की केटलसकट तीन किलोच्या जवळ जाते, आणि ती एका हातानं तिरकी करायची असते, मनगट दुखणाऱ्या बाईनं, अर्ध्या झोपेत. उकळत्या पाण्यानं पाय भाजणं हे मला शॉकपेक्षा जास्त जवळचं भय वाटतं. शक्य असेल तर दुहेरी भिंतीची घ्या, बाहेरून कमी तापते. एकेरी स्टीलची केटल दिसायला थंडच दिसते आणि हात लागला की फोड.

आता ही आपोआप बंद कशी होते हे मला आधी माहीत नव्हतं, माहीत झाल्यावर अर्ध्या सवयी आपोआप सुधारल्या. मला वाटायचं आत थर्मामीटरसारखं काही असेल, शंभर डिग्री झाले की बंद. तसं नाही. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी शंभरला उकळतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं, शंभरची वाट बघत बसली असती तर केटल बंदच झाली नसती. ती बंद होते वाफेनं. पाणी उकळलं की वाफ झाकणाखालच्या एका भोकातून, मुठीच्या बाजूनं खाली उतरते आणि एका छोट्या चकतीवर जाते. चकती दोन वेगवेगळ्या धातूंची, एक जास्त प्रसरण पावतो एक कमी, त्यामुळं तापली की ती टक्कन उलटी फिरते, आणि बटण पडतं. तो जो टक् आवाज येतो तो त्या चकतीचा. इंग्लंडात 1955 साली रसेल हॉब्स कंपनीनं ह्या तत्त्वावरची केटल काढली, आणि पुढं जॉन टेलर नावाच्या संशोधकानं, आयल ऑफ मॅन बेटावरचा माणूस, ह्या चकत्या आणि कंट्रोल इतके सुधारले की जगभरातल्या केटलींमध्ये त्याच पद्धतीचे भाग बसतात. एवढीशी चकती, पण आईच्या घरात रात्री ती जागी असते म्हणून मला झोप लागते.

तर हे कळल्यावर काय कळतं? की झाकण उघडं ठेवलं तर वाफ वरूनच निघून जाते, चकतीपर्यंत पोचत नाही, आणि केटल उकळतच राहते, उकळतच राहते. आई आधी पाणी दिसावं म्हणून झाकण उघडं ठेवायची! काठापर्यंत भरलं तर पाणीच त्या वाफेच्या भोकात शिरतं आणि तोंडातून उकळतं पाणी बाहेर उडतं, म्हणून मॅक्सच्या रेघेच्या वर जायचं नाही. मिनच्या खाली पण नाही, तळ उघडा पडतो. कोरडी चालू झाली तर तळाला चिकटलेली अजून एक चकती असते, ती तोडते करंट, पण ती शेवटचा आधार आहे, तिच्यावर रोज भार टाकू नये. कोरडी तापून बंद पडली तर लगेच गार पाणी ओतू नका, वाफेचा भपका तोंडावर येतो. तशीच राहू दे, दहा-पंधरा मिनिटांनी बघा.

आणि हे आमच्या भागासाठी खास. पाणी तापत असताना करंट गेला (आमच्याकडं लाइट गेली असं कमी, करंट गेला असंच म्हणतात) तर साध्या केटलचं बटण चालूच्याच बाजूला राहतं. तुम्ही कोमट पाणी ओतून घेता, रिकामी केटल परत बेसवर, म्हणजे वायर लागलेल्या खालच्या बैठकीवर ठेवता, विसरता, झोपता, आणि पहाटे करंट आला की रिकामी केटल चालू. म्हणून करंट गेला की बटण वर आणि प्लग बाहेर. पावसाळ्यात जांबोटीला दिवसातून कितीदा करंट येतो-जातो त्याचा हिशेब नाही, आईला मी ही एक गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सांगितलीय.

दूध घालू नका. चहा पण केटलीत करू नका, पत्ती-साखर-आलं टाकून. मला माहितीय खूप घरांत करतात. दूध तळाला लागतं, करपतं, त्याचा थर निघत नाही, आणि दूध उतू जातं ते बाहेरून खाली ओघळून बेसच्या मधल्या गोल कनेक्टरमध्ये, जिथं करंट आहे तिथं. मॅगी, अंडी, तेच. पाणी एके पाणी. कषाय (काढा) करायचा असेल तर धने-जिऱ्याची पूड तांब्यात घ्या आणि वरून उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा पाच मिनिटं, आईचा असाच होतो आता आणि ती म्हणते चवीला फरक नाही. गवती चहाची पात पण तशीच.

बेसवर पाणी सांडलं तर प्लग काढून, पुसून, उन्हात किंवा चुलीच्या उबेला पूर्ण वाळवून मगच लावा. केटल नळाखाली बुडवून घासायची नाही, आतून फडक्यानं, बाहेरून ओल्या फडक्यानं, आणि ते पण प्लग काढून. ही गोष्ट घासायला येणाऱ्या बाईंना आवर्जून सांगा, त्या बाकीच्या भांड्यांबरोबर ती पण बुडवतात, त्यांची चूक नाही, कुणी सांगितलेलं नसतं.

जागा कुठली, तर सिंकपासून लांब, गॅसपासून लांब, ओट्याच्या कडेपासून आत, आणि वायर खाली लोंबकळत नको. लहान पोरं वायर ओढतात आणि सगळं उकळतं पाणी त्यांच्या अंगावर येतं, ही एक गोष्ट झाली की जन्मभर भरून येत नाही. जास्तीची वायर बेसच्या खाली गुंडाळायची सोय असते, ती वापरा. वर लाकडी फळी असेल तर वाफेनं ती फुगते, आणि वर बोर्ड असेल तर वाफ बोर्डात जाते, तसं ठेवूच नका.

आता क्षार. आईकडं विहिरीचं पाणी, जांभ्यातलं, मऊ, तिच्या केटलीत वर्षभरात जेमतेम पांढरी झाक. माझ्याकडं अनगोळला नळाचं पाणी आलं नाही की बोअरचं, त्यानं महिन्यात तळाला पांढरा थर. आणि चिकोडीकडं माझी मावसबहीण दिलीय, त्यांच्या बोअरच्या पाण्यानं तर पंधरा दिवसांत खवले सुटतात, चहात तरंगतात. हे काही विष नाही, पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापल्यावर बाहेर पडून तळाला बसतो, पण तो थर उष्णता अडवतो. म्हणजे खाली तार तापते पण पाणी लवकर तापत नाही, केटल आवाज जास्त करते, वेळ जास्त लागतो, तळाची चकती मध्येच तोडते आणि शेवटी एलिमेंट, म्हणजे ती तापणारी नळी, जातं. लोक म्हणतात केटल वर्षभरात गेली, कंपनी खराब. बऱ्याचदा चुन्यानं गेलेली असते.

काढायला एकदम सोपं. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, पांढरे साखरेसारखे खडे. अर्धी केटल पाणी, त्यात दीड-दोन चमचे, पाणी उकळून घ्या मग प्लग काढा आणि अर्धा तास तसंच ठेवा. लिंबूसत्व उकळत्या पाण्यात वरून टाकू नका, फसफसून वर येतं, आधी गार पाण्यातच विरघळवा. नंतर ओतून द्या, फडकं फिरवा, दोनदा साधं पाणी उकळून टाकून द्या. झाली नवीन. व्हिनेगर पण चालतं पण त्याचा वास चार दिवस जात नाही. संडास धुवायचं ॲसिड मात्र कधीच नाही, आणि तारेच्या घासणीनं खरवडायचं नाही, स्टीलला ओरखडे पडले की तिथं गंज धरतो. माझ्याकडं दर महिन्याला, बहिणीकडं दर पंधरवड्याला, आईकडं दिवाळीला आणि होळीला, एवढं बास.

रात्रीचं पाणी केटलीत ठेवू नका, सकाळी ओतून द्या आणि झाकण उघडं टाकून वाळू द्या. आणि उन्हाळ्यात माळ्यावर टाकायची असेल तर पूर्ण वाळवून, कोरड्या डब्यात. आमचं जे झालं ते त्या माळ्यावरच झालं असावं.

बिलाची आईला फार काळजी होती. तिला सांगितलं, एक लिटर पाणी उकळायला एका युनिटचा दहावा भाग लागतो, दिवसात पाच वेळा म्हटलं तरी महिन्याला पंधरा युनिट. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती ही ठरावीक युनिटपर्यंत फुकट विजेची सरकारी योजना आहे, एकट्या बाईचं घर त्यात आरामात बसतं. मग ती गप्प बसली. पण करंट फुकट आहे म्हणून पाणी तीनदा तीनदा उकळू नये, लागेल तेवढंच भरावं, लवकर होतं आणि उचलायला हलकं.

आणि भाजलंच तर. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस, घड्याळ बघून. बांगडी, अंगठी लगेच काढा, नंतर सुजल्यावर निघत नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ काही लावू नका, फोड फोडू नका, आणि तळहातापेक्षा मोठं असेल किंवा तोंडाला, लहान मुलाला असेल तर दवाखाना. कुणाला करंट लागून चिकटलेलं दिसलं तर त्याला धरायचं नाही, आधी मेन पाडायची, मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीनं वायर बाजूला करायची. आईच्या मेनबोर्डाखाली आता एक केरसुणीचा बांबू उभा करून ठेवलाय, शेजारच्या काकूंना पण दाखवून ठेवलाय की ही मेन, ही अशी खाली पाडायची.

काकूंनी तेव्हाच विचारलं, "आमच्यात पण तीन होलचंच हाय की गे, ते चालंल न्हवं?" त्यांच्याकडं फ्रिज आहे, दाराच्या मुठीला त्यांच्या सुनेला कधी कधी चिमटा बसतो म्हणे. मामा पुढच्या रविवारी परत येणार आहेत, ह्या वेळी टेस्ट लॅम्प घेऊन आधी त्यांच्या घरात जायचंय, मग आईकडं जेवायला.